खुराच्या तळाशी

चौकातल्या अश्वारूढ पुतळ्याकडे लोक समोरून पाहतात. मी हल्ली खालून पाहतो. घोड्याने पुढचा पाय उचललेला असतो, आयाळ उडत असते, नाकपुड्या फुललेल्या असतात, आणि खुराच्या तळाशी मात्र शिल्पकाराने पुष्कळदा नुसता सपाट धातू सोडलेला असतो. तिथवर कोण बघायला येतंय!

हा नाद माथेरानने लावला. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि पुढे तांबड्या मातीवर टापांचं राज्य. पावसाळ्यात ती माती अशी भिजते की घोडे दिवसभर चिखलात आणि रात्री ओल्या तबेल्यात उभे. एका सकाळी एक घोडेवाला घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून वाकला, खांद्यापासून हात खाली सरकवत म्हणाला, ‘पाय दे, राजा.’ राजाने थोडा विचार केला आणि पाय दिला. सोबत, मानाच्या पाहुण्याने न विचारता लोडाला टेकावं तसा, अंगाचा बराचसा भारही त्याच्यावर टाकला.

उलटा केलेला खूर पाहिला आणि घोड्याविषयीच्या माझ्या सगळ्या भव्य कल्पना जरा ओशाळल्या. तिथे रबरासारखा मऊ त्रिकोण असतो, टोक पुढे केलेला. पाऊल पडलं की तो दबतो, आणि खुरातलं रक्त वर चढायला त्याचा हातभार लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत चिखल आणि लीद घट्ट बसली की हवा कोंडते, आणि हवेशिवायच सुखाने नांदणारे जंतू तिथे बिऱ्हाड थाटतात. मग काळा, चिकट स्राव येतो. हाच थ्रश. त्याच्या वासाचं वर्णन करण्याचं सामर्थ्य ललित गद्यात नाही. रोग खोल गेला की एवढं दांडगं जनावर लंगडू लागतं.

घोडेवाला आकडीने टाचेकडून पुढे खाच कोरत होता. कुजलेला भाग नालबंदाने किंवा डॉक्टरने काढायचा, खूर धुऊन कोरडा करायचा, आयोडीनचा बोळा भरायचा. पण खरं औषध कोरडी जमीन आणि रोजची आकडी. दहा हजार ग्रीक सैनिकांना इ.स.पू. 401 मध्ये शत्रूच्या मुलखातून मागे आणणाऱ्या सेनानींपैकी एक, झेनोफोन, पुढे अश्वविद्येवर लिहायला बसला तेव्हा त्यानेही सांगितलं, की तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या गोल दगड पसरा, म्हणजे खूर कणखर होतील. आपला नकुल विराटाच्या घरी ग्रंथिक होऊन घोडे सांभाळत होता. भीमाचा झारा आणि बृहन्नडेची नृत्यशाळा सगळ्यांना आठवते. नकुलाने वर्षभर किती खुरांतला शेणकाला उपसला असेल, हे विचारायला कोणी गेलं नाही.

खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही. वरून उगवलेलं नख पुढे जमिनीला टेकायला वर्ष लागतं. म्हणजे राजाच्या पायाची टोकं अजून गेल्या पावसाळ्यातच उभी होती. हे कळल्यावर त्याच्या पाठीवर बसायला जीव धजेना. मी चालत येतो म्हटलं.

‘बसा हो काका,’ घोडेवाला आकडी पुसत म्हणाला. ‘सगळेच चालले तर यानं खायचं काय?’

मी बसलो, जमेल तितका हलका होऊन.