पाचव्याची चैन

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली तेव्हा तिला चार गिअर होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पद्मिनीला चारच, अँबॅसेडरला चारच, तेही स्टिअरिंगच्या दांड्याला लटकलेले. त्यामुळे दोन सीटच्या मधून उगवलेली गिअरची काठी हीच आमच्या पिढीला चैन वाटली. पुढे 2000च्या सुमारास कंपनीने त्याच 800 मध्ये बारा व्हॉल्व्हचं इंजिन घातलं आणि पाच गिअर दिले. आमची गाडी त्याआधीची. म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी उभ्या असलेल्या तशाच पांढऱ्या 800ला पाच आणि आमच्या गाडीला चार! मराठी माणूस शेजाऱ्याचा फार्महाऊस सहन करतो, शेजाऱ्याचा अमेरिकेतला मुलगाही सहन करतो. पण तीच गाडी, तोच रंग, आणि एक गिअर जास्त? हे पोटात कुठेतरी टोचतंच.

शिवाय पाचवा गिअर बसवून घ्यायला आमच्याकडे कारणही होतं. एक्स्प्रेसवेवर ऐंशीच्या पुढे गेलं की 796 सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन असं किंचाळायचं, की मागे बसलेली आई दर दोन मिनिटांनी विचारायची, "अरे, काही जळतंय का?" 800 ला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नव्हता. फेरे कानाने मोजायचे, आणि आईचे कान अजून शाबूत आहेत.

पाचवा गिअर म्हणजे गाडी जोरात पळणार, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात पाचव्यात जोर कमी असतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन बरेच फेरे मारतं तेव्हा गिअरबॉक्समधला पुढचा शाफ्ट एकदा फिरतो. म्हणून गाडी चढ चढते, चिखलातून निघते. पाचव्यात उलटं होतं. इंजिनाचा एक फेरा होईपर्यंत तो शाफ्ट एकापेक्षा जास्त फिरलेला असतो. वेग तोच, फेरे कमी, पेट्रोल थोडं कमी, आवाज बराच कमी. हे मी घरी कागदावर दातेरी चाकं काढून समजावलं.

"म्हणजे गाडी जास्त पळणार नाही?" बायकोने विचारलं.

"नाही."

"चढावर?"

"चढावर चौथ्यात नाहीतर तिसऱ्यात यायचं."

"मग अहो, हा गिअर करतो काय?"

"विश्रांती देतो."

तिने कागदाची घडी करून त्यावर वाण्याची यादी लिहायला घेतली.

आमचे मिस्त्री मात्र खूश झाले. नुसता एक गिअर आणून आत बसवता येत नाही, हे त्यांनी पहिल्या चहातच सांगितलं. सुझुकीच्या पाच गिअरच्या पेटीत पाचव्याची जोडी टोकाला, बाजूच्या झाकणाखाली बसलेली असते. मुख्य खोलीत चौघांचा संसार आणि पाचवा बाल्कनीत. तेव्हा आख्खी पेटीच बदलायची. पेटी आली की तिची माउंटिंग आली, काठीपासून पेटीपर्यंतचं लिंकेज आलं, ड्राइव्ह शाफ्ट जुळतात का ते पाहणं आलं. आणि पेटी उतरलीच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंगही टाकून घ्या, कारण त्यासाठी पुन्हा पेटी उतरवायची म्हणजे पुन्हा तीच मजुरी. 'उतरलंच आहे तर' या तीन शब्दांवर महाराष्ट्रातली निम्मी गॅरेजं उभी आहेत.

पेटी शोधायला नाना पेठेत गेलो. दुकानाच्या अंधारात पेट्यांची चळत, प्रत्येकीवर खडूने काहीतरी लिहिलेलं आणि सगळीकडे गिअर ऑइलचा तो गंधकासारखा, एकदा कपड्याला लागला की तीन धुण्यांत न जाणारा वास. दुकानदाराने एक पेटी पुढे ओढली. "डॉक्टरांची गाडी होती," म्हणाला. जुन्या बाजारातली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते. इतके डॉक्टर ससूनलाही मिळत नाहीत. मिस्त्रींनी शाफ्ट हातात धरून वरखाली हलवला, मग एकेक गिअर टाकून हाताने फिरवून पाहिला. दुसऱ्याला किंचित खर्र आवाज आला. "सिंक्रो गेलीय," ते म्हणाले. "डॉक्टर घाईत असतील," दुकानदार म्हणाला आणि भाव उतरवला.

सोसायटीतल्या निवृत्त वकिलांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं. गाडीत असा फेरफार करायचा नाही की कंपनीने दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातली नोंद जुळेनाशी होईल, असं ते कलम सांगतं. मी आरसी बुक काढून समोर ठेवलं. सिलिंडर किती, माणसं किती बसणार, रिकामं वजन किती, सगळं आहे. गिअर किती हा रकानाच नाही. वकील बराच वेळ चष्म्याआडून शोधत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तरी पण आरटीओत विचारून घ्या." हा सल्ला कायदेशीर असल्याने त्यांनी त्यावर चहा घेतला.

पेटी बसली. पाचवा उजवीकडे वर, आणि त्याच्या बरोबर खाली रिव्हर्स, हे पाहून आईने हातच जोडले. पाचव्यातून काठी सरळ खाली ओढली तरी रिव्हर्स पडू नये म्हणून आत अडसर असतो, हे तिला सांगितलं. "अडसर जुना आहे की नवा?" तिने विचारलं. प्रश्न रास्त होता.

पुण्यात पाचवा पडत नाही. कर्वे रोडला दुसरा, युनिव्हर्सिटी चौकात पहिला, आणि गणपतीत इंजिनच बंद. तो पडतो देहूरोडच्या पुढे. पहिल्यांदा एक्स्प्रेसवेवर ऐंशीला काठी वर सरकवली आणि इंजिन एकदम खालच्या आवाजात बोलू लागलं. आणि त्याबरोबर आजवर त्या किंचाळण्याखाली दडलेलं बाकी सगळं ऐकू यायला लागलं. डिकीतला जॅक. डाव्या दाराची काच. मागच्या सीटखाली कित्येक वर्षं फिरत असलेलं कसलं तरी नाणं. बायकोने माझ्या भावाबद्दल सुरू केलेलं वाक्यही शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू आलं. पूर्वी ते 'तुमचा भाऊ' इथपर्यंतच पोचायचं. बोरघाट लागला तेव्हा तिसऱ्यात आलो, इंजिन पुन्हा ओरडू लागलं आणि संभाषण आपोआप थांबलं.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी पेटी, लिंकेज, माउंटिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट एकाच गाडीचे घ्यावेत, ऑइल सील नवी टाकावीत आणि क्लचचा खर्च आधीच धरावा. ज्यांची गाडी शहराबाहेर जात नाही, त्यांनी तेवढ्या पैशात चार टायर नवे घ्यावेत. आणि ज्यांना फक्त शेजाऱ्याचा गिअर टोचतो आहे, त्यांनी पाच गिअरचा नॉब तेवढा विकत घ्यावा. नाना पेठेत तो सुटा मिळतो.