कॅटलॉगमधल्या ‘प्रगत शोध’ यांस अनावृत पत्र

मा. प्रगत शोध महाशय,
मुक्काम मुख्य चौकटीखालची बारीक अक्षरं, ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग.

स. न. वि. वि.

आपल्याला अशी आडबाजूची जागा कुणी दिली ठाऊक नाही. पण तिथे कुणी फिरकत नाही, याबद्दल अभिनंदन. आम्ही शिरूर-दौंडकडची माणसं वरच्या मोठ्या चौकटीत ‘शिरूर’ टाकतो आणि ती बिचारी लातूरकडचं शिरूर अनंतपाळ, शिरूर ताजबंद, बीडचं शिरूर कासार असा सगळा गोतावळा पुढ्यात आणून बसवते. मग नाइलाजानं आपली आठवण होते.

आपलं गणितच उफराटं. बाजारात ‘कांदे आणि बटाटे’ म्हटलं की पिशवी भरते. आपल्याकडे ‘आणि’ म्हटलं की ती रिकामी होत जाते, कारण दोन्ही शब्द एकाच नोंदीत असतील तेवढंच आपण देता. भरायची तर ‘किंवा’ म्हणायचं. ‘वगळा’ची तर बातच सोडा. ‘कासार वगळा’ म्हटलं की बीडचं गाव जातं खरं, पण आमच्या घोडनदीवर, म्हणजे आमच्याच शिरूरवर, कुणा कासार आडनावाच्या माणसानं पुस्तक लिहिलं असेल, तर तेही गेलं! आपण कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

आता मुद्द्याचं. कोरेगाव भीमा आमच्याच तालुक्यात. 31 डिसेंबर 1817 ला कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी तिथे लढाई झाली. यावरची जुनी इंग्रजी पुस्तकं आजच्या स्पेलिंगनं मागावीत, तर आपण ‘शून्य नोंदी’ म्हणून मोकळे. साहेबानं शिरूरचं ‘सिरूर’ केलं होतं, कोरेगावचं ‘कोरीगॉम’. शब्दाच्या शेवटी तारा लावा, पुढचं आम्ही बघतो, असं आपण सुचवता. पण इथे शेपटात नाही, तोंडातच फरक! 1885 चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियरही ‘सिरूर’च म्हणतं.

दौंडची तऱ्हा आणखी न्यारी. मनमाडला जोडणारी 1878 ची रेल्वे कागदोपत्री ‘धोंड-मनमाड’ होती. म्हणून डी-एच-ओ-एन-डी टाकावं, तर समीक्षक म. वा. धोंड ज्ञानेश्वरी घेऊन हजर. त्यांना लेखकाच्या रकान्यात सन्मानानं बसवून आम्ही विषयाच्या रकान्यात गाव मागितलं. तो रकाना नोंद करणाऱ्यानं कोराच ठेवलेला.

रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. आम्ही तो काटेकोर पाळतो: आपल्याकडे येतच नाही.

तरी एक विनंती आहे. लाकडी खणांच्या जमान्यात ‘कुसुमाग्रज’ मागणाऱ्याला ‘शिरवाडकर, वि. वा. हेही पाहा’ असं सांगायला एक कार्ड पुरत असे. ‘शिरूर’साठी तसं ‘सिरूर, घोडनदी हेही पाहा’ हे एक कार्ड आपल्या पोटात मावतं का, बघा. दौंडचं त्यानंतर बोलू.

आपला,
घोडनदीचा एक वाचक