तळमजल्यावरचा समाजवाद

प्रत्येक सोसायटीत एक समाजवादी काका असतात. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले तळमजल्यावर राहतात. अंगात खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. शबनममध्ये ‘साधना’चा अंक, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि बँकेत जाऊन भरून आणायचं पासबुक.

काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेत. माणूस स्वतःच्या मुंजीची तारीख विसरेल, पण काका 19 जुलै 1969 विसरत नाहीत. त्या दिवशी इंदिराबाईंनी चौदा बँका ताब्यात घेतल्या, तेव्हा काका कॉलेजात होते. सांगतात मात्र अशा थाटात, की तिजोऱ्यांच्या किल्ल्या यांनीच दिल्लीला पोचवल्या. 1977 साली जॉर्ज फर्नांडिसांनी कोका-कोलाला दम भरला, तेव्हाही काका शेजारीच उभे असावेत. कोकच्या जागी सरकारी कंपनीने काढलेलं ‘डबल सेव्हन’ चवीला कसं होतं, असं विचारलं की मात्र ते तडक दंडवत्यांवर जातात. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला, हा काकांचा हुकमाचा एक्का. “बोला, कुठल्या भांडवलदाराने तुमच्या बुडाची एवढी काळजी केलीय?” याला उत्तर नाही. मी रात्रभर लाकडी बाकावर बसून प्रवास केलाय, त्यामुळे मी तर शोधतही नाही.

वादाला जोडीदार लागतो. तो चौथ्या मजल्यावर आहे. हे अण्णा म्हणजे खुल्या बाजारपेठेचे वारकरी. जन्मभर नोकरी केली पाटबंधारे खात्यात, पेन्शन घेतात महागाई भत्त्यासकट, आणि मनमोहनसिंगांचा 1991 चा अर्थसंकल्प निघाला की त्यांचे डोळे पाणावतात. सकाळी फिरून आले की दोघं गेटजवळच्या बाकावर बसतात.

“अहो, तुमच्या राज्यात आयकर पावणेअठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत गेला होता!” अण्णा.

“आणि तुमच्या राज्यात हर्षद मेहता झाला!” काका.

तेवढा कर भरायची वेळ दोघांवरही कधी आली नाही, हे जाता जाता सांगतो.

स्कूटरचा विषय निघाला की मात्र काका घड्याळ बघतात. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. काकांचा नंबर लागला आणि त्यांनी गाडी दुसऱ्याच आठवड्यात ‘ऑन’ घेऊन विकली. त्या पैशांत पाटल्या झाल्या, असं काकू सांगतात. काकांच्या मते ते संपत्तीचं फेरवाटप होतं. हल्ली ते शेअरही घेतात. “कामगार कंपनीचा मालक झाला पाहिजे, मार्क्स वेगळं काय म्हणत होता?”

गेल्या पावसाळ्यात लिफ्टची मोटर जळली. वर्गणी ठरवायला सभा बोलावली. काका उठले. “जो वापरेल त्याने भरावं. मी तळमजल्यावर राहतो. फुकटेपणाची सवय समाजाला घातक आहे!” लगेच अण्णा उठले. “लिफ्ट ही सामाजिक संपत्ती आहे. भार सगळ्यांनी सारखा उचलायला हवा!” पंधरा वर्षं रोज ऐकून एकमेकांची भाषणं दोघांनाही पाठ झाली होती, त्यामुळे कुणीच अडखळलं नाही.

शेवटी सेक्रेटरींनी उपविधींचं पुस्तक काढलं. लिफ्टचा खर्च सगळ्या सभासदांनी समान द्यायचा, वापरा अगर न वापरा. काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

“हे ठरवलं कुणी?”

“सहकार खात्याने.”

“सरकारने कशाला नाक खुपसायचं प्रत्येक गोष्टीत?” काका कडाडले. अण्णांनी पहिल्यांदाच सरकारच्या नावाने टाळी वाजवली.

काकांनी चेक दिला, मागे निषेध नोंदवून. लिफ्ट सुरू झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते एकदा लिफ्टने गच्चीपर्यंत जातात आणि लगेच खाली येतात.