गोळ्यांची पत्रिका

न्यू जर्सीतल्या आमच्या काकांनी मुलीसाठी स्थळं पाहताना केली नव्हती एवढी चिकित्सा ते दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुहूर्तात करतात. औषधांच्या विम्यासाठी. मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा; त्याचा हा ‘पार्ट डी’ २००६ पासूनचा. योजना सरकारी, विकणाऱ्या कंपन्या खासगी. प्रत्येकीची औषधांची यादी वेगळी, यादीतल्या किमतीच्या पायऱ्या वेगळ्या, ‘पसंती’ची दुकानंही वेगळी. जिच्याकडे रक्तदाबाची गोळी स्वस्त, तिच्याकडे मधुमेहाची नेमकी वरच्या पायरीवर. छत्तीस गुण जुळले तरी संसार वर्षभराचाच. जानेवारीत यादी बदलू शकते.

बरं, ‘मी ठणठणीत आहे, विमा नको’ म्हणावं, तर तोडीचा दुसरा विमा नसल्यास उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे राष्ट्रीय मूळ हप्त्याच्या एक टक्का दंड, तोही बहुधा आयुष्यभर. तब्येत राखल्याची शिक्षा! विमासंरक्षणातला मधला खड्डा, म्हणजे ‘डोनट होल’, २०२५ मध्ये बुजवला आणि यादीतल्या औषधांवरच्या पदरखर्चाला वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा घातली, हे मान्य. (मधुमेह्यांच्या खर्चातल्या खड्ड्याला डोनटचं नाव देणाऱ्याचा सत्कार व्हायला हवा.)

काकांनी अखेर सर्वांत कमी हप्त्याची योजना निवडली. तिच्या यादीत त्यांची रक्तदाबाची गोळी नाही.