पिशवी म्हणायचं नाही

"मावशी, पिशवी नाही गं म्हणायचं. बॅग म्हण."

भाचीने हे मला पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं. न्यू जर्सीहून ती चुलतभावाच्या लग्नाला आली होती आणि विमानतळावरून थेट आमच्याकडे वसईला उतरली होती. दार उघडलं तर तिच्या खांद्यावर ती होती. तीच, जिच्यासाठी मी बारा वर्षं झुरत होते. ती अशी आपल्या पायांनी उंबऱ्यात आल्यावर माझ्या तोंडून काय निघावं? "अगंबाई, पिशवी काय सुरेख आहे!" देव प्रसन्न होऊन समोर उभा राहावा आणि आपण त्याला 'चहा टाकू की सरबत करू' विचारावं, त्यातला प्रकार.

कंपनीचं नाव सांगत नाही. पॅरिसची आहे एवढं पुरे. खरं म्हणजे उच्चाराची मला अजूनही धास्ती वाटते. फ्रेंच लोक पैसे पूर्ण घेतात आणि अक्षरं अर्धी उच्चारतात. 'लुई व्हिटॉन' म्हटलं की जाणकार हसतात. ते 'ल्वी व्हीताँ' आहे. 'हर्मीस' तर दोन्ही टोकांनी चूक. पुढचा 'ह' गिळायचा, मागचा 'स' मात्र गिळायचा नाही : एर्मेस. भांडी विसळताना मी हे पाढ्यांसारखं घोकलेलं आहे.

बँकेने वसई शाखेतून माझी बदली वांद्रे-कुर्ला संकुलात केली, तिथून हे दुखणं लागलं. तिकडच्या बायका बॅग खांद्याला लावत नाहीत, कोपरात अडकवतात, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. हात काटकोनात, मनगट वर, बोटं मोकळी. घरी येऊन मी आरशासमोर तसं उभं राहून पाहिलं. माझ्या बॅगेत डबा, पाण्याची बाटली, छत्री, चष्म्याचं घर, नेलकटर, दोन पेनं, तिळगुळाची गेल्या संक्रांतीची पुडी आणि वाटेत घेतलेली आल्याची मुळी होती. दोन मिनिटांत कोपरावर वळ उठला. कोपरात बॅग अडकवणाऱ्या बाईला दुसऱ्या हाताने लोकलचा दांडा धरावा लागत नाही, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. चूक बॅगेची आहे, असंच वाटलं.

मग मी आवर्ती ठेव उघडली. बँकेतलीच मी, त्यामुळे हे पाप जागच्या जागी बसून झालं. पासबुकावर पेन्सिलीने 'बी' लिहिलं. नवऱ्याने विचारलं, "बी म्हणजे?" म्हटलं, "बाथरूम." आमच्या बाथरूमच्या निम्म्या फरश्या पोपडे धरून होत्या आणि नळ स्वतःच्या मर्जीने गळायचा. बायको न सांगता बाथरूमसाठी पैसे बाजूला टाकते आहे, हे कळल्यावर तो इतका गहिवरला की खरं सांगायचा क्षणच निघून गेला.

पैसे साठेपर्यंत मी अभ्यास केला. एखाद्या मुलीला स्थळाची माहिती नसेल एवढी मला बॅगांची होती. १९३२ साली व्हीताँने 'नोए' नावाची बॅग काढली, ती शँपेनच्या पाच बाटल्या नेता याव्यात म्हणून : चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यामध्ये उलटी. हे वाचून मी माहेराहून आणलेल्या लोणच्याच्या पाच बरण्यांना तेच तंत्र लावलं. पाचवीने तंत्र मानलं नाही. तेलाचा तो डाग अजून आहे.

आता भाचीकडे येऊ. लग्न झालं आणि तिला कुलदैवताला कोकणात जायचं होतं. २०२५ सालचा जून. त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झालेला, त्यामुळे तोवर चांगला मुरला होता. बॅगेला चिखल लागेल म्हणून ती म्हणाली, "मावशी, चार दिवस तुझ्याकडे ठेव. आणि वापर गं बिनधास्त." मग तिने बिनधास्त म्हणजे काय ते समजावलं. जमिनीवर ठेवायची नाही. ओल्या हाताने शिवायचं नाही. हँडलचं चामडं कच्चं असतं, त्यावर पाण्याचा थेंब पडला तर डाग राहतो. हळद, तेल, अत्तर जवळ आणायचं नाही. काम झालं की तिच्या कापडी खोळीत घालून ठेवायची. त्या खोळीला 'डस्ट बॅग' म्हणतात.

सासूबाई खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. त्यांना एका वाक्यात उमगलं. "म्हणजे सोवळ्यातली आहे," त्या म्हणाल्या आणि उठून बॅगेखाली पाट सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन लोकलला गेले. डबा तिच्यात मावत नव्हता असं नाही. पण डब्यात बटाट्याची पिवळी भाजी होती. म्हणून डबा, बाटली आणि छत्री साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत आणि त्या बॅगेत फक्त माझा चष्मा. फलाटावर पावसाची झड आली तेव्हा छत्री मी तिच्यावर धरली. स्वतः भिजले. डब्यात शिरताना ती पोटाशी धरून वरून ओढणी लपेटली. आत एका बाईंनी माझ्याकडे पाहिलं, ओढणीकडे पाहिलं आणि पटकन उठल्या. "बसा हो, आणि बाळाच्या तोंडावरचं काढा जरा, गुदमरेल."

मी बसले. मी वसईची आहे. विरार फास्टमध्ये मिळालेली सीट तत्त्वासाठी सोडायची पद्धत आमच्यात नाही. ग्रेस केली ही सिनेमातली नटी, मोनाकोची राजकन्या झाल्यावर, १९५६ साली छायाचित्रकार दिसले की पोट लपवायला एर्मेसची बॅग पुढे धरायची; त्या बॅगेला पुढे तिचंच नाव पडलं. तिने बाळ लपवायला बॅग वापरली. मी बॅग लपवायला बाळ वापरलं. अंधेरीपर्यंत अधूनमधून थोपटलंही.

ऑफिसात मी कोपर काटकोनात ठेवून शिरले. लिफ्टमध्ये कोणी पाहिलं नाही. टेबलावर (जमिनीवर नव्हे) ठेवली, तरी कोणी पाहिलं नाही. शेवटी साडेअकराला शेजारची म्हणाली, "अय्या, फर्स्ट कॉपी का? मस्त जमली आहे. कितीला?" मी म्हटलं, "ओरिजिनल आहे." ती इतक्या समजूतदारपणे हसली की मला तिचा राग येईना. "दुकानदार तसंच सांगतात गं." मग तिने दुसरीला बोलावलं, दुसरीने शिवण पाहिली आणि आतल्या अस्तराला हात लावून निकाल दिला की नकली आहे, पण चांगल्यातली नकली आहे, दोन हजारांच्या वर दिले असतील तर फसले.

मला गंमत वाटली ती याची की व्हीताँने १८९६ साली ती अक्षरांची आणि फुलांची नक्षी काढली तीच मुळी नकला थांबाव्यात म्हणून. सव्वाशे वर्षांत तिच्याइतकी नक्कल कशाचीच झाली नसेल. आणि बॅग खरी की खोटी हे शिवणीवरून ठरत असेल, पण आधी खांद्यावरून ठरतं. विरार फास्टच्या घामाने भिजलेल्या खांद्यावर ती आली आणि तिथेच डुप्लिकेट झाली. बिचारी. पॅरिसहून निघाली तेव्हा तिला काय कल्पना.

चार दिवसांचे नऊ झाले. कोकणात पावसाने भाचीचा मुक्काम लांबला. पहिल्या दिवसानंतर मी बॅग नेलीच नाही. खोळीत घालून कपाटात ठेवली. आठव्या दिवशी काढली तर कोपऱ्यावर पांढरे ठिपके. बुरशी! वसईच्या पावसाळ्यात पापडाला येते, कोल्हापुरीला येते, लग्नाच्या अल्बमला येते. ती काय लेबल वाचून थांबणार होती? माझे हातपाय गळाले. ऊन नव्हतं, आणि असतं तरी भाचीने उन्हालाही मनाई केली होती. सासूबाईंनी कोरडं मलमलचं फडकं घेतलं आणि तान्ह्या मुलाचं अंग पुसावं तशी बॅग पुसली. मग तिला पाटावर टेबल फॅनसमोर बसवलं. घरात टेबल फॅन एकच. दोन रात्री तो बॅगेकडे तोंड करून होता आणि नवरा घामाघूम होऊन तिच्याकडे बघत होता. "मला कावीळ झाली होती तेव्हा," तो अंधारात म्हणाला, "एवढा वारा मला नव्हता घातलास."

ठिपके गेले. भाची आली. तिने बॅग खांद्याला लावली, आल्याचं आईस्क्रीम खाल्लं, चिकट हात तसाच हँडलला पुसला आणि विमानतळावर गेली. मी आ वासून पाहत राहिले. मग आत जाऊन झोपले ती सकाळपर्यंत. नऊ रात्रींत पहिल्यांदा.

त्यानंतर महिनाभरात ती जेन बर्किनची बातमी आली. ही लंडनची गायिका आणि नटी, पॅरिसला राहायची आणि जिथेतिथे वेताची टोपली घेऊन फिरायची. एकदा विमानात तिच्या टोपलीतलं सगळं सामान सांडलं. शेजारी एर्मेसचे प्रमुख बसलेले. तिने गाऱ्हाणं केलं की लेकुरवाळ्या बाईला पुरेल अशी धड बॅग मिळतच नाही, आणि त्यातून १९८४ साली तिच्या नावाची बॅग तयार झाली. जिच्यासाठी आज पैसेवाल्यांनाही ताटकळावं लागतं ती बॅग मुळात दादरच्या पुलावर पिशवीचा बंद तुटलेल्या बाईच्या वैतागातून जन्मली आहे, हे मला तोवर ठाऊक असूनही कळलं नव्हतं. आणि स्वतः जेनबाईंनी तिचं काय केलं? ठेचून भरली, वर स्टिकर चिकटवले, नेलकटर टांगलं. नेलकटर! तीच घासलेली, डागाळलेली पहिली बॅग १० जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. युरो शंभर रुपयांचा धरला तर ८६ कोटी. नेलकटरसकट.

मी उठून माझी रोजची बॅग पाहिली. नेलकटर आहे, डाग आहेत, स्टिकर नाही, पण आतल्या कप्प्यात वांग्याच्या भावाचा कागद चिकटलेला आहे. किमतीत थोडा फरक पडेल.

उलट टोकाची बॅगही आहे. २०२३ साली अमेरिकेत मिठाच्या कणाहून बारीक बॅग ६३,७५० डॉलरला विकली गेली. पाहायला सोबत सूक्ष्मदर्शक दिला होता. बाई जितकी मोठी तितकी तिची बॅग लहान, कारण तिचा डबा दुसरं कोणीतरी उचलत असतं. इतकी वर्षं मला ती बॅग हवी होती की तो डबा उचलणारा माणूस, याचा मी गंभीरपणे विचार केला. माणसाला आवर्ती ठेव पुरली नसती.

ठेव मुदतीला आली तेव्हा नवऱ्याने तारीख कॅलेंडरवर लाल केलेली होती. गवंडी सांगून ठेवला होता. मी सही केली. आता बाथरूमच्या फरश्या फिकट निळ्या आहेत, नळ गळत नाही, आणि दाराच्या आत पितळेचा एक दणकट हुक आहे. तो मी हट्टाने बसवून घेतला. तेवढा 'बी' माझा.

भाचीची खोळ मात्र आमच्याकडे राहिली. पिवळसर जाड सुती कापड, वर गोफाची दोरी, मधोमध कंपनीचं नाव. मी फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं : ठेव गं तुलाच. सासूबाईंनी ती उलटसुलट केली, शिवण ओढून पाहिली आणि दारामागच्या पिशव्यांच्या पिशवीत घातली. त्या पिशवीत सराफाची मखमली पिशवी आहे, तीन लग्नांच्या 'चि. सौ. कां.' छापलेल्या आहेत, औषध कंपनीची आहे, फरसाणवाल्याची आहे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा सगळी सोसायटी हवालदिल झाली होती आणि सासूबाई दारात उभ्या राहून पिशव्या वाटत होत्या. फरसाणवाल्याचं नाव छापलेली तसलीच पिशवी अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानात ४८ डॉलरला लावल्याचं मी त्यांना वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून त्या फरसाणवाल्याची पिशवी कोणाला देत नाहीत.

गेल्या रविवारी दळण टाकायचं होतं. सासूबाईंनी ती खोळ पुढे केली. "ही घे. वीण चांगली आहे, पीठ गळणार नाही." मी तीन किलो ज्वारी भरून गिरणीत गेले. गिरणीवाल्याने वजन केलं, कानावरचं बॉलपेन काढलं आणि फ्रेंच नावाच्या बरोबर खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं : वहिनी, ज्वारी, ३ किलो, बारीक.

"वहिनी, पिशवी परदेशी दिसते," तो म्हणाला.

"डस्ट बॅग आहे."

त्याने आपल्या भुवयांवरच्या, हातावरच्या आणि वजनकाट्यावरच्या पिठाकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे."

येताना पाऊस भुरभुरत होता. पीठ गरम होतं. मी पिशवी कडेवर घेतली, वरून ओढणी टाकली आणि कोपऱ्यावर आल्याची मुळी घ्यायला थांबले.