कडेचे तीन इंच

नव्याने पॉलिश केलेली लादी बघायला कुणी बोलावलं, की मी थेट दारामागच्या कोपऱ्यात जाऊन उकिडवा बसतो. खोलीच्या मध्ये काय, यंत्र फिरतंच. कारागिराचा हात बघायचा तर भिंतीलगत.

मोझॅक किंवा कोट्याची घसाई करणारं मोठं मशीन भिंतीला भिडत नाही. दोन-तीन इंच लादी कोरी राहते, कोपऱ्यात त्याहून जास्त. ती हातदगडाने किंवा छोट्या ग्राइंडरने घासावी लागते. बहुतेक ठिकाणी हे काम शेवटच्या दिवशी उरकतात. एकदा ग्राइंडर फिरवला, ऑक्झॅलिकची पावडर चोळली, फडकं मारलं, की पैसे मागायला हजर.

माझ्या घरी हेच झालं. चार महिन्यांत चारी भिंतींच्या कडेने काळी रेघ उमटली. पुसणाऱ्या बाईंना उगाच दोनदा बोललो, त्याची आजही लाज वाटते. मग एकदा खाली बसून बोट फिरवलं. मधली लादी घासून खाली गेली होती, कडेची होती तेवढीच उंच. मध्ये नखाला लागेल एवढी पायरी. फडक्याचं मळकं पाणी रोज तिथे अडायचं आणि तिथेच वाळायचं. त्याला फिनेल काय करणार?

म्हणून कड शेवटी करून चालतच नाही. मधल्या लादीला 60-80 नंबरचा जाडा दगड लागला, की त्याच दिवशी कडेलाही तोच लागला पाहिजे. मग 120, 220, 320, प्रत्येक नंबर दोन्हीकडे. पहिल्या हातानंतर उघडी पडलेली भोकं रंग मिसळलेल्या सिमेंटने भरतात, ती कडेचीही भरायला हवीत. आणि घसाईचं दुधासारखं पाणी रोज संध्याकाळी भिंतीपासून ओढून काढायचं. रात्रभर राहिलं तर सकाळी त्याचा दगड होतो.

दुसऱ्यांदा काम दिलं ते एका म्हाताऱ्या कारागिराला. गुडघ्याखाली पोत्याची घडी, हातात विटेएवढा दगड, शेजारी पाण्याचं टमरेल. वीतभर घासायचे, पाणी मारायचे, डोळे मिटून अंगठा भिंतीकडून मधे ओढायचे. अंगठा अडला की पुन्हा तेच. दाराच्या चौकटीपाशी, जिथे दगड शिरेना, तिथे त्यांनी त्याचाच तुटका तुकडा बोटांत धरून घासला. तेवढ्या जागेला अर्धा तास लागला. मी चहा घेऊन उभा होतो, पण त्यांना हाक मारवली नाही.

आता हिशेब. दहा बाय दहाची खोली घ्या. भिंतीलगतची तीन इंचांची पट्टी चारी बाजूंनी मोजली, तर जवळपास दहा चौरस फूट भरते. खोलीचा दहावा हिस्सा! आणि वेळ? माझ्या घरी मशीनला जेवढा लागला, त्याहून जास्त या दहाव्या हिश्श्याला लागला. पण दर ठरतो सरसकट चौरस फुटावर. मशीनवाला तासाभरात जेवढं मोजून दाखवतो, तेवढं उकिडवा बसलेला माणूस दिवसभरात दाखवू शकत नाही. मग कडेला कोण जीव लावील? दोष त्याच्या हाताला देऊ नका, आपण मान्य केलेल्या दराला द्या.

सारवणारी बाई सुरुवातच पलीकडच्या भिंतीपासून करते. आधी कोपऱ्यात बोटं घालून कड ओढते आणि मागे सरकत दाराशी येते. मशीन आल्यावर आपण हा क्रम उलटा केला.

तेव्हा काम देताना कागदावर कडेची ओळ वेगळी लिहून घ्या, रनिंग फुटाच्या दराने. स्कर्टिंगची असते, तशी हिची. प्रत्येक नंबरला कड झाली का, हे पैसे देण्याआधी अंगठ्याने बघा. ग्राइंडर कोरडा चालवत असतील तर थांबवा. ती पूड त्या माणसाच्या छातीत जाते, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने ती अडत नाही.

आणि कपाट आधीच सरकवून ठेवा. ‘त्याच्या मागचं राहू द्या’ असं मी म्हणालो होतो. म्हाताऱ्याने ऐकलं नाही. स्वतःच खांदा लावला.