रोमके सर

बहुतेक मेडिकल कॉलेजांत शरीरक्रियाशास्त्राचे असे एक सर सापडतातच. खरं आडनाव काहीही असो, मुलं त्यांना ‘रोमके सर’ म्हणतात. शेळके, बोडके यांच्यात सहज खपणारं हे नाव मूत्रपिंडातल्या एका पोटॅशियम चॅनेलचं आहे.

सरांनी हृदय शिकवायला घेतलं तरी तिसऱ्या मिनिटाला ते मूत्रपिंडात उतरतात. “पेशीच्या आत पोटॅशियम १४०, बाहेर जेमतेम ४. मग बाहेर पडायची घाई कुणाला?” मागच्या बाकावरून उत्तर येतं, “आम्हाला, सर!”

सोडियमशी त्यांचं हाडवैर. तोंडी परीक्षेत ठरलेला प्रश्न: “सोडियम अंगाने बारीक, तरी पोटॅशियमच्या चॅनेलमध्ये का अडतो?” मुलगा घाम पुसतो. मग उत्तरही सरच देतात. वाटेतले ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमच्या मापाने बसलेले असतात. त्यांच्या भरवशावर तो अंगाभोवतीचं पाणी सोडतो आणि आत शिरतो. सोडियमला ते अणू नीट धरू शकत नाहीत, म्हणून तो पाणी सोडायलाच राजी नसतो. जिवाणूच्या अशाच चॅनेलची ही रचना रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली दाखवली. २००३चं त्यांचं नोबेल सर घरातल्या कार्यासारखं सांगतात. पण अर्धं बक्षीस पाण्याच्या चॅनेलसाठी पीटर अॅग्रे यांना गेलं, हे सांगताना त्यांचा आवाज पडतो.

लग्नाच्या पंगतीत शेजारी शिकरणाची वाटी उचलतो, तोच सर सरसावतात. “मूत्रपिंडं धडधाकट आहेत ना? मग खुशाल खा. अल्डोस्टेरॉनच्या हुकमाने सोडियम परत आत घेतला जाईल आणि केळ्यातलं जादा पोटॅशियम रोमकेतून थेट लघवीत!” शेजारी वाटी खाली ठेवतो. पलीकडून काकू म्हणतात, “अहो, निदान जिलबी येईपर्यंत तरी थांबा.”

मुलं वर्षभर सरांच्या नकला करतात. पुढे रात्रपाळीत डायलिसिस चुकलेला रुग्ण येतो, रक्तातलं पोटॅशियम चढल्याने ईसीजीवर टी-लहरी सुळक्यासारख्या उभ्या दिसतात, आणि त्याच नकलाकारांचा हात आपसूक कॅल्शियम ग्लुकोनेटकडे जातो. सर कंटाळवाणे नक्कीच. वाया मात्र मुळीच जात नाहीत.

तेव्हा मूत्रपिंडं अधू असतील, तर शहाळं आणि ‘कमी सोडियम’वालं मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्या, त्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असतं. रोमके सरांना विचारणार असाल, तर जेवून जा.